फलत्याग आणि बीथोव्हेनचे बत्तीस सोनाटे

व्हिएन्ना शहरी 1812 पासून 1818 पर्यंत लुडविग फान बीथोव्हेन याने एक खासगी टिपणवही ठेवली होती. तिची मूळ प्रत काळाच्या ओघात नाहीशी झाली आणि केवळ नकलकारांच्या हातच्या प्रती मागे उरल्या. या वहीत घरातल्या बारीकसारीक गरजांच्या नोंदी आहेत, परमेश्वराला घातलेली आर्त साकडी आहेत, होमर आणि कांट यांच्या ग्रंथांतले उतारे आहेत, आणि त्यांच्याच शेजारी आपल्या सप्तकातील स्वरांची नावे, थोडी अपभ्रष्ट का होईनात, उतरवून घेतलेली आहेत. याच वहीच्या एका पानावर भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायाचा आशय आहे. कर्माचे प्रवर्तन कर्मातच असावे, त्याच्या परिणामात नसावे. फळाच्या आशेने कर्माला हात घालणाऱ्यांच्या पंक्तीस आपण बसू नये. यश आणि अपयश यांविषयी समबुद्धी ठेवून अंगावर आलेले काम सर्व शक्तीनिशी पार पाडावे, हा विचार ज्याला ऐकू येणे जवळजवळ बंद झाले होते अशा त्या संगीतकाराने स्वतःसाठी लिहून ठेवला. तो इतरांना दाखविण्यासाठी लिहिलेला नव्हता, आणि म्हणूनच त्याची दखल घेणे मला आवश्यक वाटते.

गीता त्याच्यापर्यंत पोहोचली ती कोणत्या वाटेने, हे पाहिले म्हणजे आम्हा मालाडकरांना त्या वाटेचा पहिला टप्पा ओळखीचा वाटल्यावाचून राहत नाही. मालाड हे साष्टीतले गाव. पोर्तुगीजांच्या अंमलातून चिमाजीअप्पांच्या 1737-39 च्या वसई मोहिमेच्या काळात मराठ्यांकडे आलेली ही साष्टी 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्यासह घेतली आणि 1782 च्या सालबाईच्या तहनाम्याने ती त्यांच्याकडे कायम झाली. त्या वेळी कंपनीचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज होता. चार्ल्स विल्किन्सने केलेले गीतेचे पहिले इंग्रजी भाषांतर कंपनीच्या संचालकांनी छापावे अशी शिफारस याच हेस्टिंग्जने 1784 साली बनारसहून लिहिलेल्या पत्रात केली आणि पुढच्याच वर्षी ते लंडनला प्रसिद्ध झाले. त्यातील उतारे विल्यम रॉबर्टसन या स्कॉटिश इतिहासकाराने आपल्या हिंदुस्थानविषयक ग्रंथात घेतले, त्या ग्रंथाचे गेओर्ग फोर्स्टरने 1792 साली जर्मन भाषांतर केले, आणि त्या मार्गाने तो विचार व्हिएन्नात पोहोचला. ज्या हातांनी आमचा मुलूख कागदोपत्री कायमचा घेतला, त्याच हातांनी आमचा एक ग्रंथ युरोपच्या हवाली केला. इतिहासाच्या या व्यवहारात जमा किती आणि खर्च किती, याचा ताळेबंद मांडण्याचे हे स्थळ नव्हे.

तथापि येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पश्चिमेच्या एखाद्या थोर पुरुषाने आपल्या ग्रंथातील चार ओळी उतरून घेतल्या की त्याचे सारे मोठेपण आपल्याच खात्यावर जमा करण्याची जी सवय आपल्याकडे बोकाळली आहे, ती मला सर्वथा अनिष्ट वाटते. बीथोव्हेन गीता वाचून बीथोव्हेन झाला नाही. तिसऱ्या हाताने आलेल्या काही वाक्यांपलीकडे त्याला ती ठाऊकही नव्हती, आणि त्याच्या उत्तरकालीन रचनांवर बाखच्या अभ्यासाची जी खूण आहे ती या उताऱ्यांपेक्षा शतपटीने ठळक आहे. मला विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. कलावंताचा विकास म्हणून आपण ज्याला म्हणतो, तो विकास कोणत्या तरी फळाच्या दिशेने चालणारा प्रवास असला पाहिजे, अशी आपली सर्वसामान्य समजूत असते. आधीची कृती अपुरी, नंतरची अधिक पुरी, आणि शेवटची म्हणजे सिद्धी. मग ज्याने फळावरची दृष्टी काढून घेतली, त्याचा विकास कशाने मोजावा? आणि असा विकास मुळात शक्य तरी आहे काय?

या प्रश्नाच्या विचारासाठी बीथोव्हेनच्या बत्तीस पियानो सोनाट्यांइतके सोयीचे दप्तर दुसरे मिळणार नाही. पहिले तीन, म्हणजे ओपस 2 या एकाच रचनाक्रमांकाखालचे, हे 1796 साली प्रसिद्ध झाले आणि शेवटच्याच्या, ओपस 111 च्या, हस्तलिखितावर 13 जानेवारी 1822 ही तारीख आहे. म्हणजे पाव शतकाहून अधिक काळ हा मनुष्य एकाच वाद्यासाठी एकाच जातीची रचना पुन्हा पुन्हा करीत राहिला. हान्स फॉन ब्यूलो या पियानोवादकाने बाखच्या अठ्ठेचाळीस जोडरचनांना जुना करार आणि बीथोव्हेनच्या सोनाट्यांना नवा करार म्हटले. विल्हेल्म फॉन लेंझ याने 1852 साली एक ग्रंथ लिहून बीथोव्हेनच्या कारकिर्दीचे तीन शैलींत विभाजन केले, आणि तेव्हापासून पूर्व, मध्य आणि उत्तर असे तीन कालखंड पाठ्यपुस्तकांत रूढ झाले. हे विभाजन अभ्यासाला उपयोगी आहे, परंतु त्याने तीन पायऱ्यांचा जिना डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि माझ्या मते नेमकी तेथेच दिशाभूल होते.

सोनाट्याच्या पहिल्या भागाची घडण कशी असते हे ध्यानात घेतले तर माझे म्हणणे स्पष्ट होईल. त्यात सामान्यतः दोन विषय असतात, एक मूळ स्वरस्थानी आणि दुसरा दूरच्या स्वरस्थानी, जणू आपल्या शास्त्रार्थातील दोन पक्ष. मग त्या दोहोंची उलथापालथ होते, ते नाना स्वरप्रदेशांतून भटकतात, आणि अखेरीस दोघेही मूळ स्वरस्थानी परत येतात. हा परत येण्याचा क्षण म्हणजे साऱ्या रचनेचे फळ. त्याच्या अपेक्षेने श्रोता ताटकळत राहतो, आणि रचनाकाराचे सारे कौशल्य ती अपेक्षा ताणण्यात आणि योग्य वेळी पुरी करण्यात असते. म्हणजे हा आकारच मुळी फलोन्मुख आहे. बीथोव्हेनइतक्या आवेशाने तो कोणीच हाताळला नाही. ओपस 57 मध्ये, ज्याला पुढे आपासिओनाता हे नाव मिळाले, ही फलोन्मुखता इतकी प्रखर झाली आहे की ऐकणाऱ्याला श्वास घेण्यास उसंत मिळत नाही. असा मनुष्य उत्तरायुष्यात आपल्या सोनाट्यांचा भार हळूहळू या आकारावरून काढून दोन निराळ्या आकारांवर ठेवू लागला. एक फ्यूग, ज्यात एकच विषय निरनिराळ्या स्वरपंक्तींत एकामागून एक प्रवेश करतो. आणि दुसरा व्हेरिएशन, ज्यात एकच चीज पुन्हा पुन्हा, दर वेळी नव्या अंगाने, मांडली जाते. या दोन्ही आकारांत पुढे कोठे तरी फळ ठेवलेले नसते. जे काही आहे ते प्रत्येक आवर्तनात, तेथल्या तेथे, पुरते असते. मीमांसकांच्या परिभाषेत बोलायचे तर काम्यकर्माकडून, म्हणजे फळासाठी केलेल्या कर्माकडून, फळाची अपेक्षा न धरता करावयाच्या नित्यकर्माकडे झालेला हा प्रवास आहे, आणि बीथोव्हेनच्या विकासाचे मर्म मला त्यात दिसते.

प्रारंभीच्या काळाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. 1792 च्या अखेरीस बॉनहून व्हिएन्नास आलेल्या या तरुणाला सरदार-उमरावांच्या दिवाणखान्यांत आपले स्थान मिळवावयाचे होते आणि पियानो हेच त्याचे शस्त्र होते. ओपस 2 त्याने हायडनला अर्पण केला. पाथेतिक या नावाचा ओपस 13 आला, आणि 1801 साली तो सोनाटा आला, ज्याला जगाने चांदण्याचा सोनाटा म्हणून ओळखले. हे नाव बीथोव्हेनचे नव्हे. पुढे रेलष्टाप नावाच्या लेखकाला त्यात सरोवरावरचे चांदणे दिसले आणि ते नाव चिकटले ते कायमचे. आमच्या मालाडात ऑर्लेम आणि खारोडीच्या बाजूस जुनी ख्रिस्ती वस्ती आहे. त्या भागातून संध्याकाळी जाताना एखाद्या खिडकीतून परीक्षेच्या तयारीला बसलेल्या मुलाच्या हातून याच सोनाट्याचा पहिला, संथ भाग ऐकू येतो, आणि त्याच्या पुढचे दोन भाग क्वचितच ऐकू येतात. बीथोव्हेनलाही या लोकप्रियतेचा त्रास होई; आपण याहून चांगले काही लिहिले आहे, असे म्हणून तो ओपस 78 कडे बोट दाखवी, असे त्याच्या चर्नी नावाच्या शिष्याने नमूद केले आहे. कीर्ती जेथे वस्तीला आली तेथे त्याचे मन नव्हते.

आता खरा अडचणीचा मुद्दा येतो. 1802 च्या ऑक्टोबरात हायलिगेनश्टाट या खेड्यातून आपल्या भावांना उद्देशून त्याने जो दीर्घ मजकूर लिहिला आणि कधीही पाठविला नाही, त्यात बहिरेपणाची कैफियत आहे, मृत्यूला कवटाळण्याचा विचार आहे, आणि आपल्या हातून होणे आहे ते काम पुरे झाल्यावाचून जगातून निघून जाणे अशक्य वाटले म्हणून आपण मागे राहिलो, अशी कबुली आहे. पुढे 1814 च्या सुमारास पियानोवादक म्हणून त्याचे जाहीर वादन संपले. म्हणजे ज्या फळासाठी एखादा वादक-रचनाकार सोनाटे लिहितो ते फळ, आपण वाजवावे आणि आपल्याच कानांनी ऐकावे, समोर बसलेल्यांचे चेहरे उजळलेले पाहावे, हे सारे दैवाने त्याच्यापासून काढून घेतले. यावर एखादा चिकित्सक वाचक म्हणेल की ज्याचे फळ हिरावून घेतले गेले त्याने फलत्याग केला असे म्हणणे म्हणजे दरोड्यात लुटल्या गेलेल्या मनुष्याला दानशूर म्हणण्यासारखे आहे. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. गीतेला जो त्याग अभिप्रेत आहे तो बुद्धिपूर्वक आणि स्वेच्छेने केलेला त्याग आहे. अभावातून आलेल्या वैराग्याला आपल्या परंपरेत फारसा मान नाही, आणि तो नसावाही.

परंतु हिरावले जाणे ही केवळ घटना आहे; त्यानंतर मनुष्य काय करतो ते त्याचे कर्म आहे. लुटला गेलेला मनुष्य उरलेले घट्ट कवटाळून बसू शकतो, आणि बहुतेक तसेच करतात. बीथोव्हेनने काय केले याचे दाखले सोनाट्यांच्या इतिहासातच आहेत. 1803-04 साली वाल्डश्टाइन सोनाटा लिहिताना त्याने मध्ये एक दीर्घ, सुश्राव्य, स्वतःला अत्यंत प्रिय असा संथ भाग घातला होता. एका मित्राने तो भाग फार लांबतो असे म्हटले. बीथोव्हेन संतापला, पण पुढे शांतपणे विचार करून त्याने तो भाग काढून निराळा प्रसिद्ध केला आणि त्याच्या जागी एक लहान, गूढ, जेमतेम उंबरठ्याएवढी प्रस्तावना घातली, जिच्यातून शेवटचा भाग पहाट फुटावी तसा उमटतो. तेथे दैवाने काहीही काढून घेतले नव्हते; काढले ते त्याने स्वतः.

याहून विलक्षण हकिकत ओपस 106 ची आहे. हामरक्लाविअर म्हणून ओळखला जाणारा हा सोनाटा 1817-18 मध्ये, म्हणजे त्या टिपणवहीच्या अखेरच्या काळात, लिहिला गेला. बत्तिसांत हा सर्वांत प्रदीर्घ आणि सर्वांत दुर्घट. त्याच्या शेवटी असा एक फ्यूग आहे की तो वाजविण्यास वादकाला आजही आपले सारे बळ पणाला लावावे लागते. लंडनला हा सोनाटा छापण्याची व्यवस्था त्याचा शिष्य फेर्डिनांड रीस पाहत होता. त्याला बीथोव्हेनने लिहिले की तिकडच्या लोकांना हे सारे पचणारे नसेल तर भागांचा क्रम बदलावा किंवा एखादा भाग गाळावा. आणि याच पत्रव्यवहारात, हे असे सैल सोडल्यानंतर, त्याने कळविले की संथ भागाच्या आरंभी दोन स्वर अधिक घालावेत. रीस थक्क झाला. एवढ्या प्रचंड रचनेत दोन स्वरांनी काय होणार होते? परंतु ते दोन स्वर घातल्यावर त्या अफाट दुःखाच्या दालनात पाऊल टाकण्यापूर्वी दोन पायऱ्या चढल्याचा जो भास होतो, तो एकदा अनुभवल्यावर त्यांच्यावाचून तो भाग कल्पनेतही आणवत नाही. कर्मात इतकी कमालीची दक्षता, आणि त्या कर्माचे जगात काय व्हावे याविषयी इतकी मोकळीक, या दोन गोष्टी एकाच मनुष्याच्या ठिकाणी एकाच वेळी नांदत होत्या. त्याला पैसा हवा होता म्हणून त्याने ती सवलत दिली, असेही कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. केलेल्या कामाचा मोबदला घेणे म्हणजे फलासक्ती नव्हे, आणि घर चालविणारा कर्मयोगी हिशेबाला चोख असला म्हणून त्याचा योग बुडत नाही.

मात्र बीथोव्हेनला स्थितप्रज्ञ ठरविण्याचा खटाटोप मी करणार नाही. 1815 च्या नोव्हेंबरात भाऊ कास्पार कार्ल वारल्यावर त्याने पुतण्या कार्लच्या पालकत्वासाठी आपल्या विधवा भावजयीविरुद्ध जो दिवाणी कज्जा चालविला, तो 1820 पर्यंत या कचेरीतून त्या कचेरीत रेंगाळत राहिला. त्यात त्याने त्या स्त्रीविषयी जे लिहिले आणि बोलले ते वाचताना वाईट वाटते. आपण कुलीन घराण्यातले नाही हे 1818 साली अदालतीपुढे उघड होऊन मामला उमरावांच्या न्यायासनाकडून शहराच्या सामान्य न्यायासनाकडे वर्ग झाला, तेव्हा त्याला झालेला अपमान हा मानापमानाच्या पलीकडे गेलेल्या मनुष्याचा नव्हता. त्या पुतण्याने 1826 साली आत्महत्येचा प्रयत्न केला. त्या मुलावर झालेल्या प्रेमाच्या जाचाचा विचार मनातून जात नाही. समबुद्धीचा उतारा वहीत लिहिणारा आणि ही फिर्याद लढविणारा मनुष्य एकच होता, आणि ते दोन्ही प्रकार एकाच काळात चालू होते. तेव्हा त्या उताऱ्याला त्याच्या सिद्धीचे प्रमाणपत्र न मानता एका अस्वस्थ जिवाने स्वतःला घातलेली ताकीद मानावी. ती ताकीद त्याला घरात पाळता आली नाही. पियानोपुढे ती पाळली गेली, असे माझे प्रांजळ मत आहे. आणि एका क्षेत्रात साधलेला योग दुसऱ्या क्षेत्रात साधला नाही म्हणून तो खोटा ठरत नाही.

आता शेवटचे तीन सोनाटे. ओपस 109 चा शेवट एका प्रार्थनेसारख्या विषयावरील व्हेरिएशनांत होतो, आणि सारे होऊन गेल्यावर तोच विषय जवळजवळ जसाच्या तसा परत येतो. कोणी कोठे पोहोचले नाही, तरी ऐकणारा पूर्वीचा राहिलेला नसतो. 1821 च्या नाताळाची तारीख ज्यावर आहे त्या ओपस 110 मध्ये एक विलापगीत आहे, त्यानंतर फ्यूग आहे, आणि तो फ्यूग ऐन भरात असताना मोडून विलाप परत येतो, पण आता थकलेला, तुटक, मध्ये मध्ये श्वास घेणारा. त्या वर्षी बीथोव्हेन काविळीने आजारी होता, आणि हा त्याच्याच प्रकृतीचा वृत्तान्त आहे असे मानण्याचा मोह अनेकांना झाला आहे. पण त्यानंतर जे घडते ते कोणत्याही चरित्रात मावणारे नाही. एकच स्वरसंघात पुन्हा पुन्हा, दर वेळी वाढत्या बळाने, वाजतो. आणि मग तोच फ्यूग, विषय उलटा करून, अगदी दबक्या पावलांनी, हळूहळू पुन्हा जीव धरीत सुरू होतो. नष्ट झालेले कर्म कोणतेही आश्वासन हाती नसताना पुन्हा पहिल्यापासून आरंभावे, याचे याहून सत्य चित्र मला कोठेही आढळलेले नाही.

ओपस 111 ला भाग दोनच. पहिला वादळी, त्याच्या तरुणपणीच्या पाथेतिकच्याच मूळ स्वरात. आणि त्यातील मुख्य विषय त्याच्या सुमारे वीस वर्षांपूर्वीच्या वहीत टिपलेला सापडतो. दुसरा भाग एका साध्या, संथ विषयावरची व्हेरिएशने. आठ-आठ खंडांचे दोन तुकडे, प्रत्येक दोनदा, एवढाच तो विषय. पुढे प्रत्येक आवर्तनात मात्रा आतून अधिकाधिक विभागली जाते. स्वर दाट होतात, एके ठिकाणी तर नाचू लागतात, मग विरळ होत होत वरच्या पट्टीत केवळ कंपन उरते, आणि त्या कंपनाखाली मूळ विषय पुन्हा उभा राहतो. आपल्याकडील रसिक हे ऐकून ही तर विलंबित ख्यालाची बढत, असे म्हणतात. साम्य ऐकू येते हे खरे. तथापि येथे राग नाही, आणि हे साम्य दाखविल्याने ना ख्याल अधिक कळतो ना सोनाटा. प्रकाशक श्लेसिंगरला हे हस्तलिखित मिळाले तेव्हा तिसरा भाग नकलकाराकडून राहून तर गेला नाही ना, अशी त्याने पृच्छा केली. चौकशी रास्तच होती. जो आकार फळ देण्याचे वचन देतो, त्याच्याकडून फळ मागितले गेले, एवढेच.

हे दोन भाग म्हणजे संसार आणि संन्यास, वादळ आणि मोक्ष, आणि म्हणून तिसरा भाग अशक्य, असा अर्थ पुष्कळांनी लावला आहे. तो ऐकण्यास रम्य आहे. मला तो मान्य नाही, आणि न मानण्याचे बळ मला लोकमान्यांच्या ग्रंथातून मिळते. मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात लिहिलेले आणि 1915 साली प्रसिद्ध झालेले गीतारहस्य सांगते की ज्ञान झाल्यावर कर्म सोडणे हा गीतेचा निर्णय नव्हे. सोडावयाची ती फलाशा, आणि कर्म लोकसंग्रहार्थ, अखेरपर्यंत, चालू ठेवावयाचे. टिळकांच्या सर्व निष्कर्षांशी सहमत नसलेल्या वाचकालाही या भेदाचे मोल नाकारता येणार नाही. हा भेद लावून पाहिला म्हणजे ओपस 111 च्या शेवटी बीथोव्हेन जगातून निघून गेला असे म्हणता येत नाही. त्याच सुमारास डियाबेली नावाच्या एका प्रकाशकाच्या सामान्य चालीवर तो तेहतीस व्हेरिएशने रचीत होता, आणि हे काम 1823 साली पुरे झाले. ज्या चालीत कोणाला काही दिसले नव्हते तिच्यात त्याने एवढे विश्व शोधले. 7 मे 1824 रोजी वादक-गायकांच्या मोठ्या समूहाच्या मुखाने सर्व मानवजातीला हाक घालणारी नववी सिंफनी व्हिएन्नात प्रथम वाजली. मग पाच तंतुवाद्य चौकड्या आल्या. विरक्त झालेला मनुष्य एवढ्या लोकांत मिसळत नाही.

1826 च्या उत्तरार्धात, मृत्यूच्या काही महिने आधी, त्याने जी शेवटची रचना पुरी केली ती ओपस 130 या चौकडीचा नवा अंत्यभाग. आधीचा अंत्यभाग हा एक प्रचंड फ्यूग होता आणि तो लोकांना झेपत नव्हता, म्हणून प्रकाशकाने तो निराळा छापावा आणि त्याच्या जागी दुसरे काही द्यावे अशी विनंती केली. बीथोव्हेनने ती मंजूर केली, आणि त्याच्या जागी एक हलकाफुलका, चपळ, आनंदी भाग लिहून दिला.